‘भायले’ नको म्हणणारे किती? हे मोजायचं कसं?

गोव्यात कुठल्याही तिंट्यावर उभं राहून विचारा, बाहेरून येणाऱ्यांबद्दल काय वाटतं? उत्तराला अर्धं मिनिटही लागत नाही. पण ते उत्तर नेमकं कशाचं, हे ठरवायला बसलं की संध्याकाळ सरते. ‘भायले’ या एका शब्दात बेळगावकडचा गवंडी येतो, झारखंडहून ट्रॉलरवर आलेला खलाशी येतो, आसगावात जुनं घर विकत घेणारा दिल्लीवाला येतो, हरमलला सहा महिने मुक्काम ठोकणारा रशियन येतो. आणि जीव वाचवायला देश सोडलेला माणूसही त्याच पोत्यात जातो.

यातल्या पहिल्या तिघांना घटनेच्या १९व्या कलमानं देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. रशियन व्हिसावर आहे. शेवटच्याला यातलं काहीच नाही. भारतानं १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, १९६७च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांच्याकडे सरकार स्वतः बघतं; अफगाण, रोहिंग्या वगैरेंची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करतं. म्हणजे ‘अमक्याला आश्रय द्यावा का’ हा प्रश्न जर्मनीत विचारला तर ऐकणाऱ्याला त्यामागची कचेरी, अर्ज, निकाल हे सगळं ठाऊक असतं. इथे तो हवेत विचारल्यासारखा होतो.

हवेतल्या प्रश्नाला हवेतलंच उत्तर मिळतं. म्हणून सर्वेक्षणात प्रयोग घालायचा. युक्ती जुनी आहे. सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, पण त्यातली एक गोष्ट अर्ध्या लोकांसाठी बदलायची, आणि कोणाच्या वाट्याला काय येईल ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. दोन गटांत बाकी सगळं सरासरीनं सारखं असल्यामुळे उत्तरात पडलेला फरक त्या एका बदलाचा. एकट्या उत्तरावर विश्वास ठेवू नये, फरकावर ठेवावा.

आधी शब्द

‘निर्वासित’ म्हटलं की मराठी माणसाला फाळणीनंतरचे सिंधी आणि उल्हासनगर आठवतं. ‘शरणार्थी’ हिंदी बातम्यांतून आला. ‘आश्रयार्थी’ कोशात आहे, तोंडात नाही. ‘घुसखोर’ वापरलात तर प्रश्नाआधीच निकाल लागला. ज्याच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे तो आणि ज्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आहे तो, या दोघांसाठी बोली मराठीत वेगवेगळे शब्द नाहीत. त्यामुळे शब्द शोधत बसू नका, वाक्य लिहा: ‘आपल्या देशात जिवाला धोका आहे म्हणून इथे राहू द्या अशी विनंती करणारी माणसं, ज्यांच्या विनंतीचा निकाल अजून लागलेला नाही.’ हे सगळ्यांना सारखं वाचून दाखवायचं. शब्दाचाच परिणाम मोजायचा असेल तर तो वेगळा प्रयोग करा, याच्यात मिसळू नका.

शब्दानं किती फरक पडतो याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण १९४१चं आहे. अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांवर ‘बंदी घालावी का’ असं विचारल्यावर ५४ टक्के हो म्हणाले. ‘परवानगी द्यावी का’ असं विचारल्यावर नको म्हणणारे ७५ टक्के निघाले. अर्थ तोच, आकड्यात २१ टक्क्यांची दरी. आपल्याकडे ‘राहू द्यावं का’ आणि ‘हाकलावं का’ या दोन प्रश्नांचं असंच होईल.

भाषांतराचं काम वाटतं त्याहून मोठं आहे. २०११च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे ६६ टक्के, मराठी सुमारे ११, हिंदी साडेआठच्या वर, कन्नड पाचाच्या आत. कोकणी वाचणाऱ्यांत एक मोठा वर्ग रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, लिपीतच वाचतो. त्याच्या हातात देवनागरी कार्ड दिलंत तर तो नम्रपणे मान हलवेल आणि अंदाजानं उत्तर देईल. म्हणजे मराठी, देवनागरी कोकणी, रोमी कोकणी आणि हिंदी एवढं किमान हवं. वास्को-झुआरीनगर धरलंत तर कन्नडही. एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट मराठीत आणायचं, मग दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून वाचायचे. चुका तिथेच सापडतात.

आणखी एक. ‘भारतात राहू द्यावं का’ आणि ‘गोव्यात राहू द्यावं का’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणं यात विसंगती नाही. चाळीस आमदारांच्या छोट्या राज्यात जमिनीची काळजी करणाऱ्या माणसाचं ते सरळ मत आहे. दोन्ही विचारा.

क्रमाचा प्रयोग, आणि तो इथेच का करावा

१९४८मध्ये अमेरिकेत विचारलं गेलं, कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का? हा प्रश्न पहिला आला तेव्हा सुमारे ३७ टक्के हो म्हणाले. त्याआधी ‘आपल्या पत्रकारांना रशियात जाऊन बातम्या पाठवू द्याव्यात का’ हे विचारलं तेव्हा तोच आकडा ७३वर गेला. आपल्या माणसाला दार उघडं हवं असं एकदा बोलून गेल्यावर दुसऱ्याच्या तोंडावर ते लावणं अवघड जातं.

हा प्रयोग गोव्यासाठीच बेतल्यासारखा आहे. जगभर पांगलेला दुसरा इतका छोटा मुलूख भारतात शोधावा लागेल. तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, आहेत, आखातातले आहेत, १९ डिसेंबर १९६१च्या आधी जन्मलेल्या आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेले आहेत. कराचीत गोंयकारांची वस्ती फाळणीच्या कितीतरी आधीपासूनची. ऑगस्ट १९७२मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यांत कंपाला-एंटेबेच्या कचेऱ्यांत आयुष्य काढलेले गोंयकारही होते. ते ब्रिटनला, कॅनडाला गेले. १९९०मध्ये कुवेतहून सगळं टाकून परतलेले तर आजही वाड्यावाड्यावर भेटतील.

तेव्हा तीन चिठ्ठ्या करा. पहिल्या गटाला थेट मुख्य प्रश्न, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांना राहू द्यावं का. दुसऱ्याला आधी ‘नोकरीसाठी परदेशी गेलेल्या गोंयकारांना तिथल्या सरकारनं राहू द्यावं का?’ तिसऱ्याला आधी ‘युगांडातून १९७२ साली बाहेर काढलेल्या गोंयकारांना इतर देशांनी घेतलं ते योग्य झालं का?’ दुसरा प्रश्न पोट भरायला गेलेल्यांचा, तिसरा हाकललेल्यांचा. दोन्हींचा परिणाम सारखाच आला तर लोक परतफेड बघताहेत. तिसऱ्याचाच आला तर आश्रय आणि स्थलांतर यांतला भेद लोकांना कळतो, फक्त त्यासाठी शब्द नाही.

अमेरिकेत दोन जवळचे प्रयोग झाले आहेत. २०१८मध्ये छापलेल्या एकात लोकांना आधी कल्पना करायला लावली की तुम्हीच देश सोडून पळताय, बरोबर काय घ्याल, कुठे जाल. त्यानंतर सीरियन निर्वासितांच्या बाजूनं राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहायची त्यांची तयारी वाढली. २०२१च्या दुसऱ्यात स्वतःच्या घराण्याचा स्थलांतराचा इतिहास आठवायला लावल्यावर परक्यांबद्दलचं मत थोडं मवाळ झालं. याउलट नुसती आकडेवारी दुरुस्त करून, म्हणजे ‘तुम्हाला वाटतं तितके परके इथे नाहीत’ असं सांगून, मत फारसं हललं नाही. गोव्यात मात्र कंपालाहून आलेलं पत्र घरातल्या कपाटात असू शकतं. कल्पना करायला लावायची गरज नाही, आठवण पुरेल. आणि कपाट रिकामं असणाऱ्या घरांवर हीच आठवण उलटी पडेल का, ते आधी लिहून ठेवा: ज्या घरातून कोणी बाहेर गेलंच नाही त्यांना ‘बाहेर गेलेले’ हे गावातले सुखवस्तू लोक वाटतात. म्हणून ‘घरातलं कोणी परदेशात आहे किंवा होतं का’ हा प्रश्न प्रयोगाच्या आधी विचारायचा, नंतर नाही. नंतर विचारलात तर चिठ्ठीनं दिलेल्या प्रश्नाची सावली त्या उत्तरावर पडते आणि गट पाडण्यासाठी ते निकामी होतं.

किती माणसं? तीन गटांत तीनशे-तीनशे धरली तर दोन गटांतल्या फरकाची चूक-मर्यादा दोन्ही बाजूंना आठ टक्क्यांची पडते. अकरा-बारा टक्क्यांहून लहान परिणाम या आकारात भरवशानं पकडता येत नाही. तीस-तीसच्या नमुन्यावर ‘परिणाम दिसला नाही’ असं छापणं म्हणजे उसाच्या तराजूवर सोनं तोलून वजन शून्य सांगणं.

दोन माणसांचं कार्ड

आता खरा कस. कॉन्जॉइंट म्हणतात त्या प्रकारात माणसासमोर दोन काल्पनिक अर्जदार शेजारी ठेवतात: वय, लिंग, देश, धर्म, काम, येण्याचं कारण. यातली प्रत्येक गोष्ट संगणक चिठ्ठीनं ठरवतो. दोघांपैकी एकाला राहू द्यायचं तर कोणाला? अशा चार-पाच जोड्या. या पद्धतीचा हिशेब २०१४मध्ये हेनम्युलर, हॉपकिन्स आणि यामामोटो यांनी नीट मांडला. २०१६मध्ये बानसाक, हेनम्युलर आणि हांगार्टनर यांनी युरोपातल्या १५ देशांत १८,००० मतदारांपुढे १,८०,००० अर्जदार ठेवले. कामाचा माणूस, छळ सोसलेला माणूस आणि ज्याच्या जबानीत विसंगती नाही असा माणूस लोकांनी जास्त निवडला. बाकी सगळं सारखं असताना मुस्लिम अर्जदार ख्रिस्ती अर्जदारापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी मागे पडला.

कार्डावरची निवड खऱ्या मताशी जुळते का, हेही तपासलेलं आहे. स्वित्झर्लंडच्या काही गावांत परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायचं का यावर एके काळी गावकरी मतदान करत, आणि त्याआधी अर्जदाराची माहिती असलेलं पत्रक घरोघर जाई. २०१५मध्ये त्या खऱ्या निकालांशी सर्वेक्षणांतले वेगवेगळे प्रकार ताडून पाहिले. दोन अर्जदार जोडीनं शेजारी दाखवणारा प्रकार सगळ्यांत जवळ गेला, सरासरी दोन टक्क्यांच्या आत. एकेकटा अर्जदार दाखवणारे प्रकार मागे पडले. तेव्हा जोडीच वापरा.

पण युरोपचं कार्ड उचलून गोव्यात आणू नका. धर्म आणि देश एकत्र आले की इथे तिसरंच चित्र उभं राहतं. ‘पाकिस्तान, ख्रिस्ती’ वाचल्याबरोबर गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या माणसाला कराचीतला कोणाचा तरी मावसभाऊ दिसतो. २०२४मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली गोव्यात पहिलं नागरिकत्व मिळालं ते अशाच एका वृद्ध गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थाला. ते कार्ड निर्वासिताबद्दलचं मत मोजत नाही, नातं मोजतं. ‘म्यानमार, मुस्लिम’ वाचलं की बातम्यांतला रोहिंग्या दिसतो. ‘तिबेट’ लिहिलं की धर्माचा रकाना असून नसल्यासारखा.

अशक्य वाटणाऱ्या जोड्या गाळाव्यात असं सांगतात, पण गाळलं की देश आणि धर्म यांचा परिणाम सुटा करता येत नाही. सोपा मार्ग असा की ज्या देशांत चारही धर्म खरोखर आहेत तेच घ्या. बांगलादेश, श्रीलंका आणि म्यानमार या तिन्ही ठिकाणी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध सगळे आहेत. एकही जोडी गाळावी लागत नाही. पाकिस्तानचा प्रश्न हवाच असेल तर त्याचं वेगळं छोटं कोष्टक करा. आणि लक्षात ठेवा, नागरिकत्व दुरुस्ती कायदा बांगलादेशला लागू आहे, श्रीलंका-म्यानमारला नाही, आणि मुस्लिमांना तर कुठल्याच देशातून आले तरी लागू नाही. बांगलादेशी हिंदूला मिळालेली वाढीव पसंती मनातून आली की टीव्हीवर ऐकलेल्या कायद्यातून, हे तीन देशांतला फरक बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

भाषेच्या रकान्यात तर सुरुंगच आहे. युरोपात ‘इथली भाषा येते’ एवढं लिहून भागतं. इथे ‘कोकणी येते’ आणि ‘मराठी येते’ असे दोन पर्याय ठेवलेत की तुम्ही निर्वासित सोडून १९८७च्या राजभाषा कायद्याचा कोकणी-मराठी वाद मोजायला लागलात. ‘इथली भाषा थोडी बोलतो’ एवढंच लिहा, कोणती ते वाचणाऱ्यावर सोडा.

कामांच्या यादीत डॉक्टर, शिक्षिका, सुतार, टॅक्सी ड्रायव्हर, काम नाही, असे पाच ठेवा. टॅक्सी मुद्दाम. गोव्यात टॅक्सी हा धंदा कमी आणि प्रश्न जास्त आहे. ज्या घरात टॅक्सी आहे त्या घरात टॅक्सीवाला अर्जदार पडतो का, आणि शेजारच्या घरात पडत नाही का, यावरून पोटाचा हिशेब आणि परकेपणा वेगळे करता येतात. मुंबईत गायकवाड आणि नेलिस यांनी घरोघर जाऊन असाच प्रयोग केला, २०१७मध्ये तो छापून आला. परप्रांतीयांबद्दलच्या मतात त्यांना पोटापाण्याचा हिशेब मोठा दिसला. बहुसंख्याकांनी स्थलांतरिताच्या धर्माकडे फारसं पाहिलं नाही, अल्पसंख्याकांनी पाहिलं, कारण आपले चार लोक वाढले तर त्यांना आधार वाटतो. गोव्यात ख्रिस्ती २५ टक्के आणि मुस्लिम आठच्या थोडे वर. अल्पसंख्य कोण, हे इथे तालुक्यागणिक बदलतं, सासष्टीत एक आणि सत्तरीत दुसरं. हा मुद्दा मुंबईत तपासायला मिळाला नव्हता.

हिशेब करू. लिंग २, वयोगट ३, देश ३, धर्म ४, काम ५, येण्याचं कारण ४, भाषा ३. गुणाकार ४,३२०. एवढे निरनिराळे अर्जदार होऊ शकतात, आणि ते सगळे दाखवायची गरज नसते. ६०० माणसं, प्रत्येकी ५ जोड्या, म्हणजे ६,००० अर्जदार. धर्माच्या प्रत्येक प्रकाराला साधारण १,५०० येतात आणि दोन धर्मांतल्या फरकाची चूक-मर्यादा साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडते. कामाच्या पाच प्रकारांत ती चारच्या घरात. एकाच माणसाची दहा कार्डं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून चूक मोजताना माणसागणिक गठ्ठा बांधायचा, म्हणजे एका माणसाची सगळी कार्डं एकत्र धरायची. हे विसरणारे बरेच.

सातांहून जास्त रकाने समोरासमोरच्या मुलाखतीत चालत नाहीत. रकान्यांचा क्रम माणसामाणसात बदलायचा, पण एका माणसाला पाचही जोड्यांत तोच ठेवायचा, नाहीतर तो दर वेळी शोधत बसतो. अर्जदाराला नाव देऊ नका. आपल्याकडे आडनाव म्हणजे जात, धर्म, गाव आणि कधीकधी बँक शिल्लकसुद्धा.

जे सांगत नाहीत ते

लिस्ट एक्सपेरिमेंट हा प्रकार लाजेनं लपवलेलं मत काढायला वापरतात. एका गटाला चार गोष्टींची यादी वाचून दाखवायची आणि विचारायचं, यातल्या किती गोष्टींचा तुम्हाला त्रास होतो? कोणत्या ते नको, फक्त आकडा. दुसऱ्या गटाच्या यादीत पाचवी नाजूक गोष्ट घालायची: ‘शेजारच्या घरात परदेशातून आलेलं निर्वासित कुटुंब भाड्यानं राहायला येणं’. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचवी गोष्ट खटकणाऱ्यांचं प्रमाण.

चार साध्या गोष्टी निवडण्यातच सगळं कौशल्य आहे. सगळ्याच खटकणाऱ्या घेतल्या तर माणूस ‘पाच’ म्हणतो आणि उघडा पडतो. सगळ्या निरुपद्रवी घेतल्या तर ‘एक’ म्हटल्यावरही तेच. शिवाय एकमेकींच्या उलट जाणाऱ्या दोन गोष्टी हव्यात म्हणजे बेरीज फार पसरत नाही. गोव्यात हे आयतं आहे: ‘किनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत कर्कश संगीत’ आणि ‘रात्री दहाला पोलिसांनी संगीत बंद पाडणं’. एकाचा त्रास होणाऱ्याला सहसा दुसऱ्याचा होत नाही. तिसरी ‘दिवसातून दोनदा वीज जाणं’, सगळ्यांना खटकणारी. चौथी ‘रस्त्याकडेला झाडं लावणं’, कोणालाच न खटकणारी.

फील्डवर हमखास घडतं ते असं की लोक आकडा सांगत नाहीत, गोष्टी सांगतात: ‘वीज जाते त्याचा त्रास, आणि ते म्युझिक...’ झालं, मुलाखत वाया. उपाय घरगुती आहे. हातात पाच चिंचोके द्यायचे, प्रत्येक गोष्ट वाचल्यावर खटकत असेल तर एक चिंचोका पाठीमागे दुसऱ्या हातात न्यायचा, शेवटी किती झाले तेवढं सांगायचं. आधी एक सराव, खाण्याच्या पदार्थांवर. चिंचोके दोन्ही गटांना पाचच द्यायचे, नाहीतर चार दिलेल्याला कमी गोष्टी मोजायची सूचना मिळाल्यासारखं होतं.

एवढं करून किंमत भारी पडते. बेरजेचं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती पसरतात ते, १ धरलं आणि पाच टक्क्यांपर्यंत नेमकं उत्तर हवं असेल तर दोन्ही गट मिळून सहा हजारांच्या वर माणसं लागतात. चार गोष्टी उत्तम निवडून विचलन ०.७वर आणलंत तरी तीन हजार. थेट प्रश्नाला एक हजार माणसांत तीन टक्क्यांच्या आसपास नेमकं उत्तर मिळतं. ब्लेअर, कोपॉक आणि मूर यांनी २०२०मध्ये अशा अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करून हेच दाखवलं: लपवालपवी वाटते तेवढी मोठी सहसा नसते, आणि लहान नमुन्यावर ही युक्ती तोट्यात जाते.

गोव्यात तर परक्यांविरुद्ध बोलायला कोणी लाजत नाही, त्याच्या ग्रामसभा होतात. लपतं ते धर्माचं गणित, आणि कधी कधी उलटी गोष्ट: चार शेजारी विरोधात असताना मनात असलेली सहानुभूती. धर्माचं गणित कॉन्जॉइंट कार्डातून आपसूक बाहेर येतं, कारण ‘मी सुताराला निवडलं’ असं म्हणायची पळवाट माणसाकडे असते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर यादी सोडा, कार्डं घ्या.

घरापर्यंत जाणं

मतदारयादी सहज मिळते, बूथवार असते, म्हणून सगळे तीच घेतात. तिच्यात दोन भोकं आहेत. नाव असलेला माणूस जहाजावर किंवा इंग्लंडात असतो. आणि वास्को, म्हापसा, फोंड्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या हजारोंची नावं त्यांच्या मूळ गावच्या यादीत असतात. यादीवरून काढलेलं ‘गोव्याचं मत’ म्हणजे मतदारांचं मत. तेवढंच हवं असेल तर तसं लिहा. रहिवाशांचं हवं असेल तर यादीतून फक्त बूथ काढा, घरं तिथे जाऊन मोजा आणि दर अमुकावं घर घ्या, मागच्या भाड्याच्या खोल्यांसकट.

५० बूथ, प्रत्येकी १२ घरं, असे कार्डांसाठीचे ६०० होतात. एका बूथमधली माणसं एकमेकांसारखी असल्यामुळे ‘किती टक्के’ या उत्तराची चूक वाढते. गट मात्र बूथच्या आतच चिठ्ठीनं पडत असल्यामुळे फरकाच्या उत्तराला त्याची झळ फारशी लागत नाही. मुलाखत २५ मिनिटांची ठेवलीत तर एक सर्व्हेवाला दिवसाला सहा नीट करतो. दहा जण, दहा दिवस. दुपारी एक ते चार दार वाजवू नका. उघडलं तरी उत्तर दार लावायच्या घाईत मिळतं. चतुर्थी, नाताळ, कार्निव्हल, शिगमो टाळा. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जा, शेजारचं घर पकडू नका. हॉटेलात आणि पर्यटनात राबणारी माणसं अशानेच सुटतात, आणि बाहेरच्यांशी रोजचा संबंध त्यांचाच.

सर्व्हेवाला कोण, हे उत्तरात मिसळतं. कपाळाला कुंकू किंवा गळ्यात क्रॉस दिसला की धर्माच्या रकान्यावरचं बोट जरा इकडेतिकडे होतं. प्रत्येक मुलाखतीत सर्व्हेवाल्याचा क्रमांक नोंदवा आणि गट प्रत्येक सर्व्हेवाल्याच्या आत चिठ्ठीनं पाडा. २०१९-२०च्या नागरिकत्वाच्या गदारोळापासून कागद घेऊन दारात आलेल्या माणसाकडे, त्यातून मुस्लिम वस्तीत, संशयानं बघतात. आधी पंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या, आधार क्रमांक मागू नका, आणि ‘हे नागरिकत्वासाठी नाही’ हे संमतीच्या पहिल्या वाक्यात ठेवा. सुरुवातीला ‘तुमच्या गावात निर्वासित येणार आहेत’ असली खोटी बातमी देऊन प्रतिक्रिया मोजायची कल्पना कोणी मांडली तर तिथेच थांबवा. मुलाखत संपते, अफवा गावात राहते.

टॅबवर कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके ही उत्तरं नोंदवायची अ‍ॅप्स चालतात, नेटवर्क नसलेल्या सांगे-काणकोणातही. एक खड्डा मात्र ठरलेला. यादृच्छिक आकडा काढणारं ‘रँडम’ फंक्शन नुसतं लिहिलं तर फॉर्ममध्ये काही बदललं की ते पुन्हा नवा आकडा काढतं. माणसाला एक कार्ड दाखवलं जातं आणि साठवणीत दुसरंच जातं. त्याभोवती ‘वन्स’ लावायचं म्हणजे आकडा एकदाच निघतो. त्याहून निर्धोक म्हणजे सगळी कार्डं आधीच तयार करून फाइलीत टॅबवर चढवायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी तपासा: चारही धर्म साधारण पाव-पाव आलेत का?

आकडे वाचताना

कॉन्जॉइंटमधून येणारा आकडा तुलनेचा असतो. ‘मुस्लिम उणे आठ’ म्हणजे कोणापेक्षा? आधार हिंदू धरला तर एक आकडा, बौद्ध धरला तर दुसरा. सासष्टी आणि सत्तरी यांची तुलना करताना यानं फसगत होते, कारण दोन्हीकडे आधारच वेगळ्या उंचीवर असतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला मिळालेली सरळ टक्केवारीही छापा. जोडीतून एक निवडायचा असल्यामुळे ती ५०च्या आसपास हलते: ५५ म्हणजे पसंती, ४५ म्हणजे नापसंती. ‘४५ टक्के लोक मुस्लिमांना स्वीकारतात’ असं त्याचं वाचन चुकीचं आहे, आणि मथळा मात्र तसाच छापला जातो.

हा आकडा बहुमत सांगत नाही, हेही ध्यानात असू द्या. पाच जणांतल्या तिघांना बायका थोड्या बऱ्या वाटतात, पण काम आणि कारण यांपुढे ते लिंग बघत नाहीत. उरलेले दोघे काहीही असलं तरी पुरुषच निवडतात. सरासरी पुरुषांकडे झुकते, बहुमत बायकांच्या बाजूचं असूनही. चिठ्ठीत डॉक्टर आणि सुतार सारख्याच वेळा येतात, खऱ्या जगात येत नाहीत. तेव्हा कार्डांवर डॉक्टरांना मिळालेली पसंती खऱ्या गर्दीला लावण्याआधी प्रमाण बदलून हिशेब पुन्हा करायला हवा.

लक्ष नसलेल्यांना गाळायचा मोहही आवरा. ‘मघाशी कोणत्या देशाचं नाव वाचलं?’ असं प्रयोगानंतर विचारून चुकलेल्यांना वगळलं की दोन गट सारखे राहत नाहीत, आणि चिठ्ठी टाकण्याचा सगळा फायदा वाया जातो. लक्ष तपासायचं तर प्रयोगाच्या आधी तपासा. कोणत्या तुलना करणार, कोणते गट पाडणार हे मैदानात उतरण्यापूर्वी लिहून तारखेसह ओएसएफवर, म्हणजे संशोधनाचा आराखडा आधी नोंदवायच्या संकेतस्थळावर, टाकून द्या. बारा तालुके, चार धर्म आणि पाच कामं एकमेकांशी लावत बसलं की योगायोगानं काहीतरी ठळक निघतंच.

आणि क्रमाच्या प्रयोगाचा निकाल देताना तिन्ही गटांचे आकडे एकाच ओळीत द्या, एकही ‘खरा’ म्हणून पुढे करू नका. प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याआधी कोणता प्रश्न विचारला होता तो पूर्ण वाक्यात, ज्या ज्या भाषेत आणि लिपीत विचारला त्या सगळ्यांत, रोमीसकट.